आरशासारख्या पाण्यावर फ्लोटप्लेन उतरवताना या चुका टाळा

फ्लोटप्लेन म्हणजे पाण्यावर तरंगणारे फ्लोट लावलेलं विमान. अलास्कातल्या अँकरेजच्या लेक हूड या तळ्यावर दर उन्हाळ्यात हेच बघतो. नवशिके लाटांना घाबरतात आणि तळं स्थिर दिसलं की खूश होतात. खरं म्हणजे उलट हवं. थोडा वारा असला की पाण्यावर चुण्या पडतात आणि त्यावरून उंचीचा अंदाज येतो. वारा पडला की खाली नुसते ढग आणि डोंगर दिसतात, पाणी कुठे आहे तेच कळत नाही.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे अशा पाण्यावर डोळ्यांच्या भरवशावर फ्लेअर करणं, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलणं. ही मी स्वतः केली आहे. सेसना 172, सकाळची वेळ, शेजारी प्रशिक्षक. मला वाटलं, फ्लोट पाण्यापासून हातभर वर आहेत. ऐटीत नाक उचललं, थ्रॉटल बंद केला आणि पाणी लागायची वाट बघत बसलो. ते लागेचना. आम्ही दुमजली घराएवढे वर होतो. स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याचा भोंगा वाजला, विमान बसायला लागलं आणि प्रशिक्षकाने माझा हात बाजूला सारून पूर्ण पॉवर दिली. तरी आपटलोच. फ्लोटच्या मधली दांडी वाकली. काही जणांचं याच्या उलट होतं. अजून वेळ आहे असं समजून ते नाक खाली ठेवूनच पाण्यात घुसतात. ती माणसं असे किस्से सांगायला क्वचितच उरतात.

आता माझी सवय सांगतो. किनाऱ्याला समांतर आणि जवळून येतो. झाडं शेजारी दिसत असतानाच नाक उतरण्याच्या स्थितीत आणतो आणि मिनिटाला 150 फूट उतार राहील एवढीच पॉवर ठेवतो. मग काही करत नाही. लोकांना नेमकं हेच जमत नाही! शंभर फुटांवरून अशी 40 सेकंदं लागतात, आणि 60 नॉट वेगाने तेवढ्यात बाराशे मीटर तळं संपतं. म्हणून चिमुकलं तळं निवडूच नका. मध्येच धीर सुटून ‘जरासा’ थ्रॉटल ओढणाऱ्यांना मी दुसऱ्यांदा शिकवायला घेत नाही. पाणी लागल्यावरच पॉवर काढायची, आणि तेव्हाही योक, म्हणजे नाक वर-खाली करायचा दांडा, मागे धरून ठेवायचा.

शेवटचे फूट अल्टिमीटरवर, म्हणजे उंची दाखवणाऱ्या यंत्रावर मोजू नका, तेवढा तो नेमका नसतो. थेट खाली पाण्याकडे टक लावू नका, किनाऱ्याकडे बघा. मोटरबोट नुकतीच गेली असेल तर तिच्या मागच्या बारीक लहरी उपयोगी पडतात. मोठ्या असतील तर त्या विरेपर्यंत थांबा.

विमान अँफिबियन, म्हणजे जमिनीवर आणि पाण्यावर दोन्हीकडे उतरणारं असेल तर चाकं तपासा. चाकं खाली ठेवून पाण्यावर टेकलात तर विमान उलटणार. मी दर वेळी मोठ्याने म्हणतो, “पाण्यावर उतरतोय, चाकं वर,” आणि खिडकीतून बघतोही. शेजारचा हसला तर हसू दे.

लाइफ जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगवा. उलटलेल्या विमानात आत फुगवलंत, तर ते वर ढकलून तुम्हाला तिथेच अडकवेल. आणि दरवाजाची कडी अंधारात कुठे सापडते, हे डोळे मिटून चाचपून बघा. जमिनीवर असतानाच.