जागलीसाठी दुर्बीण घेताना

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने विनापरवाना शिकार गुन्हा आहे. पण जागलीला, म्हणजे रात्री पिकाची राखण करताना, मचाणावरून रोही (नीलगायी), रानडुकरं हेरायला दुर्बीण लागतेच. '१००×१८०' छापलेल्या खेळण्यांना भुलू नका. ८×४२ घ्या. ८ म्हणजे आठपट मोठं, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागा: सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशाचा ठिपका डोळ्यात येतो. खिशातल्या १०×२५ मध्ये तो अडीचच, म्हणून दिवस मावळला की पऱ्हाटीत (कपाशीत) नुसता काळोख. पट वाढवत गेलात तर हाताचा थरकापही वाढतो.

दुकानातच बघून घ्या. दुर्बीण हातभर लांब, उजेडाकडे धरा. डोळ्याकडच्या भिंगात ठिपका पूर्ण गोल दिसला तर प्रिझम, म्हणजे आतली प्रकाश वळवणारी काच, बरं. कडा कापल्यासारख्या, करड्या दिसल्या तर ठेवून द्या. मग रस्त्यापलीकडच्या विजेच्या तारेवर नजर लावा. एकीच्या दोन दिसल्या, डोकं जड झालं, तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. लालभडक चकाकणारी भिंगं मी तरी घेत नाही, संध्याकाळचा उजेड खातात. चष्मा असेल तर रबरी कड दुमडून बघा.