ब्युरोकडून मावशी ठेवताय? या चुका टाळा

हॉस्पिटलमधून डिस्चार्ज बहुतेक वेळा घाईतच मिळतो. हातात फाइल, डोक्यात गोंधळ, आणि कोणीतरी घरी पेशंट सांभाळायला मावशी पुरवणाऱ्या ब्युरोचा नंबर देतं. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: 'बारा तासांचे किती, चोवीस तासांचे किती?' दर विचारायचाच, पण त्याआधी पेशंटची खरी अवस्था सांगा. 'नुसती सोबत हवी' म्हणून मावशी बोलावली आणि घरी एक बाजू लुळी, नाकात नळी, कॅथेटर (लघवीची नळी) असं सगळं निघालं, तर ती दुसऱ्या दिवशी येणार नाही. त्यात तिचा काय दोष? वजन किती, डायपर लागतो का, रात्री किती वेळा उठावं लागतं, स्मृतिभ्रंशामुळे हात उगारतात का, यातलं काहीही लपवू नका.

पांढरा कोट घातलेली प्रत्येक बाई नर्स नसते. नर्सिंगमधला जीएनएमचा (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) कोर्स ३ वर्षांचा, एएनएमचा (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) २ वर्षांचा, आणि त्यांची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. नर्सचे पैसे मोजत असाल तर नोंदणी क्रमांक मागा. मावशी अंघोळ घालते, भरवते, कूस बदलते, आणि अनुभवी मावशी हे काम फार मायेनं करते. पण इंजेक्शन, सलाईन, नळी बदलणं तिच्यावर सोपवू नका. 'आमची मावशी सगळं करते' असं सांगणारा ब्युरो मी तरी घेणार नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी मावशीवर सगळं सोपवून ऑफिसला निघून जाणं. त्या दिवशी रजा काढून तिचं काम पाहा. नाकातल्या नळीतून फीड (पातळ अन्न) देताना ती पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचलते का? फीड संपल्यावर निदान अर्धा तास तशीच ठेवते का? आडवं झोपवून दिलेलं फीड फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. कूस साधारण दर २ तासांनी बदलायला हवी. माकडहाड, खुबे, टाचा रोज उजेडात पाहा. तिथं लाल किंवा काळपट डाग दिसला आणि बोटानं दाबूनही फिका पडला नाही, तर ती बेडसोरची, म्हणजे पडून राहून दाबानं होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. अशा जागी तेल लावून जोरात चोळणारी मावशी दिसली तर लगेच थांबवा.

'चोवीस तास' म्हणजे ती चोवीस तास जागी राहील, असं धरून चालू नका. तिलाही झोप, जेवण, टेकायला जागा हवी. पेशंट रात्रभर जागवत असेल तर बारा-बारा तासांच्या दोन माणसांना पर्याय नाही.

आधार आणि पोलीस पडताळणीची कागदपत्रं स्वतः पाहा. आधीच्या एखाद्या घरी फोन करा.

ब्युरोचा कस लागतो तो मावशी गणपतीला गावी जाते तेव्हा. बदली किती तासांत मिळेल, दोन दिवसांत माणूस सोडून गेला तर कमिशन परत मिळेल का, डिपॉझिटचं काय, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या आणि पावतीही मागा. दिलेल्या पैशांतले मावशीच्या हातात किती पडतात, तेही विचारा. जिथं तिचे पैसे फार कापले जातात, तिथं माणसं टिकत नाहीत.

पैशांवरून ब्युरोशी वाद झाला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. अंगावर न समजणारे वळ दिसले, किंवा मावशी खोलीत आली की आजी एकदम गप्प होतात, तर बदली मिळेपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी तिला कामावरून थांबवा, डॉक्टरांना दाखवा आणि ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर बोला.