घोट्यापासून मेंदूपर्यंत: ओहोटीच्या वाळूत मज्जातंतूचा वेग कसा मोजावा

घोटा दाबल्याची बातमी मेंदूला पोचायला वेळ लागतो. एका माणसात तो मोबाइलच्या स्टॉपवॉचवर सापडत नाही, वीस जणांत सापडतो.

ओहोटीला वाळू घट्ट झाली की २० मोठी माणसं गोल करून बसवा, गुडघे उभे, अगदी खेटून. प्रत्येकाने उजव्या हाताने उजवीकडच्याचा डावा घोटा धरायचा. डोळे मिटलेले हवेत. उघडे राहिले की माणूस शेजाऱ्याचा हात बघून आधीच दाबतो. पहिला माणूस शेजाऱ्याचा घोटा दाबतो आणि त्याच क्षणी डाव्या हातातलं स्टॉपवॉच सुरू करतो. ज्याचा घोटा दाबला जाईल त्याने लगेच पुढच्याचा दाबायचा. फेरी पुरी होऊन पहिल्याचा घोटा दाबला गेला की तो स्टॉपवॉच बंद करतो.

मग हेच खांदा धरून. मेंदूचा विचार आणि हाताची हालचाल दोन्ही वेळी तीच, म्हणून वजाबाकीत ती उडते. उरतो फक्त जास्तीच्या अंतराचा वेळ. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५० च्या सुमारास बेडकाच्या मज्जातंतूचा वेग याच युक्तीने काढला. तो सेकंदाला सुमारे २७ मीटर भरला.

टेपने घोटा ते मान मोजा, त्यातून खांदा ते मान वजा करा. माणशी साधारण १ मीटर, म्हणजे वीस जणांचे २० मीटर. समजा घोट्याला ५.६ सेकंद लागले, खांद्याला ५.२. फरक ०.४, २० भागिले ०.४, वेग सेकंदाला ५० मीटर. स्पर्शाचे तंतू ३५ ते ७५ मीटरच्या दरम्यान धावतात, तेव्हा उत्तर ठीक आहे.

वेग फारच कमी निघाला? मग सराव आड आला. पहिल्या तीन-चार फेऱ्यांत हात सुधारत जातात, त्या सोडून द्या. पुढे घोटा, खांदा, घोटा, खांदा असं आलटूनपालटून प्रत्येकी किमान पाच वेळा घ्या आणि सरासरी काढा. बोट चुकलं तर ०.१ सेकंदही उत्तर बरंच हलवतो. आधी समुद्रात डुंबू नका: गार पायात आवेग, म्हणजे तंतूतून धावणारा संदेश, मंदावतो.

हा आवेग तारेतल्या विजेसारखा सरळ वाहत नाही. तंतूच्या आत बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्ट कमी असतात. तंतूच्या आवरणातली बारीक दारं उघडली की मिठातलाच सोडियम आत घुसतो, लगेच पोटॅशियम बाहेर पडतो. मिलिसेकंदभराचा खेळ, आणि त्याने शेजारची दारं उघडतात. स्पर्शाच्या तंतूंवर मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचं वेष्टण असतं, म्हणून आवेग वेष्टणातल्या एका फटीवरून दुसऱ्या फटीवर उडी घेतो. खडकावरच्या कालवाने तळपाय कापला की आधी टोचतं, आग मागाहून होते. ती आग आणणाऱ्या बारीक तंतूंना वेष्टण नाही. त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम १ मीटर.

माकुलाकडेही मायलिन नाही. वेगासाठी त्याने तंतूच जाड केला, काही जातींत १ मिलिमीटरपर्यंत. हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५२ साली सोडियम-पोटॅशियमचा हिशेब मांडला तो याच तंतूवर.