हार्ड डिस्क गेली? डाटा परत मिळवायच्या नादात या चुका टाळा

डिस्क बंद पडली की बऱ्याचदा डाटा तेव्हाच जात नाही, नंतर घाबरून आपण जी खटपट करतो ना त्यात जातो. म्हणून आधी बघा की डिस्क आवाज करतेय का. टक टक, किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल तर लगेच बंद करा आणि परत चालू करून बघू नका, अगदी एकदा पण नाही, कारण आतलं डाटा वाचणारं हेड डाटा साठवणाऱ्या फिरत्या प्लेटच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, ते एकदा टेकलं की दर फेरीला प्लेटवरचा थर खरवडला जातो आणि खरवडलेला भाग जगातली कुठलीच डाटा रिकव्हरी लॅब परत आणू शकत नाही. घरी झाकण उघडणं, फ्रीजरमध्ये ठेवणं हे तर विसराच, आत धूळ गेली किंवा गारव्याने पाणी धरलं की उरलीसुरली आशा पण संपते.

आवाज नाही पण डिस्क दिसतच नाही, तर आधी केबल बदला, पोर्ट बदला, एक्सटर्नल असेल तर अडॅप्टर बघा. कितीतरी वेळा एवढंच असतं!

डिस्क दिसते पण फोल्डर उघडायला युगं लागतात, विंडोज म्हणतं फॉरमॅट करा, इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. फॉरमॅटला हो म्हणू नका आणि चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं टूल) तर अजिबात चालवू नका प्लीज, ते फाइल सिस्टिम दुरुस्त करतं, तुमच्या फाइल वाचवणं हे त्याचं कामच नाही, वर मरायला टेकलेल्या डिस्कवर अजून लिहीत बसतं. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये सी5 म्हणजे पेंडिंग सेक्टर (डिस्कचे नीट वाचता न येणारे तुकडे) शून्याच्या वर दिसले तर थेट रिकव्हरी सॉफ्टवेअर लावायचं नाही, आधी तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर डीडीरेस्क्यू या कॉपी करायच्या टूलने इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब कॉपी, काढायची. ते आधी चांगला भाग उचलतं, खराब सेक्टरशी नंतर झगडतं, आणि मॅप फाइल (कुठला भाग झाला त्याची नोंद) दिली असेल तर मध्येच थांबलं तरी तिथूनच पुढे सुरू होतं, ती फाइल द्यायला विसरू नका. मग टेस्टडिस्क, फोटोरेक अशी रिकव्हरी सॉफ्टवेअर काय चालवायची ते त्या इमेजवर.

चुकून डिलीट झालं असेल तर रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर इन्स्टॉल करू नका, सापडलेल्या फाइल पण तिथे सेव्ह करू नका, जुन्या डाटावरच नवीन लिहिलं जातं. एसएसडी असेल तर ट्रिममुळे (डिलीट झालेली जागा आतून मोकळी करायची सोय) डिलीट केलेलं बहुतेक वेळा मिळतच नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

सर्किट बोर्ड बदलून बघा असं पण कोणीतरी सांगतंच. आताच्या डिस्कमध्ये बोर्डवरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची सेटिंग असतात, सेम मॉडेलचा बोर्ड लावला तरी चिप हलवल्याशिवाय सहसा चालत नाही.

लॅबला देताना काय काय करून झालंय ते सगळं खरं सांगा, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) चालू होतं का बघा, असेल तर 48 आकडी रिकव्हरी की आधी शोधा, ती नसेल तर अख्खी इमेज निघाली तरी एक फाइल उघडणार नाही.