चार दरवाजे, एक लेख: विकिपीडियावर लेख एकत्र करताना

बडोद्याच्या जुन्या कोटाला चार दरवाजे. पश्चिमेला लहेरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट. चारही बाजूंचे रस्ते मधे मांडवीला येऊन मिळतात. इथला माणूस खरेदीला निघाला की ‘चार दरवाज्यात जाऊन येतो’ एवढंच सांगतो; कुठल्या दरवाज्यातून शिरणार ते कोणी विचारतही नाही. विकिपीडियावर मात्र एखादा उत्साही सदस्य येतो आणि प्रत्येक दरवाज्याचा वेगळा लेख काढतो. चारही लेखांत कोट सोळाव्या शतकात सुलतानांच्या काळात बांधला हे आलेलं असतं, गायकवाड आलेले असतात, सध्याची गर्दी आलेली असते. निराळी असते ती फक्त दिशा.

मराठी विकिपीडियावर नव्याने लिहू लागलेल्यांना मी हेच काम आधी करायला सांगते: नवा लेख काढू नका, असलेले नीट जुळवा. त्यात वाचन होतं, संदर्भ तपासले जातात, आणि दुसऱ्याच्या मजकुराला हात लावताना कसं वागायचं हेही अंगवळणी पडतं.

आता जुळवायचे कधी? लेख लहान आहे, हे कारण पुरेसं नाही. दोन ओळींचा लेख बहुतेक वेळा कोणी लिहिलं नाही म्हणून दोन ओळींचा असतो. मी एवढंच बघते की संदर्भांमध्ये त्या वास्तूबद्दल स्वतंत्र मजकूर आहे का, आणि शेजारचा लेख उघडल्याशिवाय हा लेख वाचकाला कळतो का. दरवाज्यांच्या बाबतीत जुन्या नोंदी बघा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बडोद्यावरचा सातवा खंड १८८३ सालचा आहे, म्हणजे प्रताधिकाराची अडचण नाही. दरवाजे समजून घ्यायचे तर तटबंदी आणि ते चार रस्ते सोडून चालतच नाही. म्हणून ‘बडोद्याचा कोट आणि दरवाजे’ असा एक लेख, त्यात चार विभाग. मांडवी मात्र मी त्यात ओढणार नाही. ती तटबंदीतली वेस नाही. कोटाच्या मधोमध उभी असलेली, चारही बाजूंना कमानी असलेली वेगळी इमारत आहे, आणि तिच्याबद्दल वेगळं लिहिण्यासारखं भरपूर आहे. कोटाच्या लेखात तिच्यावर एक परिच्छेद आणि सविस्तर लेखाचा दुवा दिला की झालं. उद्या कोणाला लहेरीपुऱ्यावर चांगलं साहित्य मिळालं तर तो विभाग पुन्हा स्वतंत्र लेख करता येतो. एकत्र केलेलं कायमचं बंद होत नाही, म्हणून फार घाबरू नये.

नावं सारखी म्हणून लेख एकत्र करण्याचा मोह मात्र आवरा. गेंडा सर्कल ते मनीषा चोकडी हा साधारण साडेतीन किलोमीटरचा आपला बडोद्याचा उड्डाणपूल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, त्याला अटल ब्रिज म्हणतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अहमदाबादला साबरमतीवर पादचाऱ्यांसाठी झालेला पूलही अटल ब्रिजच. आणि १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला मुंबईचा शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू म्हणजे अटल सेतू. तिघांचा एकमेकांशी नावापलीकडे संबंध नाही. इथे एकत्रीकरण नाही, निःसंदिग्धीकरणाचं पान हवं, म्हणजे सारख्या नावांच्या लेखांचे दुवे एकत्र देणारं पान. उलट फतेगंज, लालबाग, हरीनगर असे शहरातले उड्डाणपूल घेतले, तर प्रत्येकाबद्दल उद्घाटनाची बातमी आणि वाहतुकीची बातमी यापलीकडे सहसा काही सापडत नाही. ते ‘बडोद्यातील उड्डाणपूल’ या एका यादीत शोभतात.

सगळ्यात नाजूक प्रकार गंभीरा पुलाचा. पादरा तालुक्याला आणंद जिल्ह्याशी जोडणारा, महीसागर नदीवरचा १९८५ सालचा हा पूल ९ जुलै २०२५ रोजी सकाळी कोसळला. अशा वेळी हमखास दोन लेख तयार होतात, एक पुलाचा आणि एक दुर्घटनेचा. मी एकच ठेवीन, आणि दुर्घटनेच्या नावाने ठेवीन. कारण त्याआधी या पुलावर विश्वकोशात लेख लिहावा असं फारसं काही छापून आलेलं नव्हतं. यावर वेगळं मत असणारे अनुभवी सदस्य आहेत. त्यांचं म्हणणं चर्चा पानावर ऐकून घ्या, पण निर्णय भावनेवर नको, संदर्भांवर हवा.

मग प्रत्यक्ष काम. दोन्ही लेखांवर एकत्रीकरणाचा साचा (म्हणजे तयार सूचनेची पाटी) लावा, चर्चा मात्र एकाच पानावर करा, ज्यात मजकूर येणार त्या लेखाच्या. दुसऱ्या चर्चा पानावर तिचा दुवा द्या. लेख ज्याने सुरू केला त्याच्या सदस्य चर्चेवर दोन सभ्य ओळी लिहा, ‘तुमचा लेख हलवतेय’ असा हुकूमवजा सूर नको. मराठीत संपादक थोडे, त्यामुळे उत्तर येईलच असं नाही. आठवडाभर थांबा, चावडीवर, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर विचारा, आणि कोणाची हरकत नसेल तर कामाला लागा.

मजकूर आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या कच्च्या पानावर मांडावा. इथे नवख्यांना वाटतं की चारही लेख एकाखाली एक चिकटवले की संपलं. तसं करून तीच वाक्यं चार वेळा आलेला एक लांबलचक लेख तयार होतो. सामाईक इतिहास एकदाच, वर. प्रत्येक लेखातली माहितीचौकट काढून त्याऐवजी एकच तक्ता: दरवाजा, दिशा, अक्षांश-रेखांश, चित्र. संदर्भांकडे विशेष लक्ष द्या. दोन लेखांत एकाच नावाने दोन वेगळे संदर्भ दिलेले असतील, तर एकत्र आणल्यावर तळाला लाल अक्षरांत त्रुटी दिसते. नावं आधीच बदलून घ्या. संदर्भ नसलेली वाक्यं बरोबर नेऊ नका. ती जुन्या पानाच्या इतिहासात राहतातच.

जतन करताना संपादन सारांश (काय बदल केला ते सांगणारी ओळ) कधीही रिकामा सोडू नका. विकिपीडियाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देशन-समानवाटप ४.० या परवान्याखाली असतो. ज्यांनी ती वाक्यं लिहिली त्यांचं श्रेय पानाच्या इतिहासात नोंदलेलं असतं, आणि तुम्ही वाक्यं उचलून दुसरीकडे नेलीत की तो धागा तुटतो. सारांशात ‘[[पाणीगेट]] या लेखातील मजकूर येथे आणला, श्रेयासाठी त्या पानाचा इतिहास पाहा’ एवढं लिहिलं की धागा टिकतो. याच कारणाने जुनं पान काढून टाकण्याची विनंती करायची नसते. त्यावर #पुनर्निर्देशन [[बडोद्याचा कोट आणि दरवाजे#पाणीगेट]] असं लिहा, म्हणजे वाचक थेट त्या विभागात उतरतो. पुढे कोणी विभागाचं शीर्षक बदललं तर वाचक पानाच्या वरच्या टोकालाच पोचतो, म्हणून शीर्षकाशेजारी, फक्त संपादन करणाऱ्याला दिसेल अशी एक लपलेली टीप ठेवावी. शेवटी ‘येथे काय जोडले आहे’ ही, त्या पानाकडे येणाऱ्या दुव्यांची यादी उघडा. जुन्या पानाकडे आधीपासून येणारी पुनर्निर्देशनं असतील तर ती नव्या लेखाकडे वळवा. सॉफ्टवेअर एकच उडी मारतं, दुसरी नाही.

विकिडेटाला, म्हणजे सगळ्या भाषांच्या विकिपीडियांना सामाईक असलेल्या माहितीसाठ्याला, मात्र हात लावताना सावध. लेख एक झाला म्हणून चार दरवाज्यांच्या चार नोंदी एक करायच्या नाहीत. दरवाजे चार आहेत, त्यांचे अक्षांश-रेखांश चार आहेत, आणि दुसऱ्या भाषेत त्यांचे वेगळे लेख असू शकतात. तिथल्या नोंदी एकत्र करायच्या त्या एकाच वस्तूच्या दोन चुकून झाल्या असतील तरच. हा फरक फार जणांच्या लक्षात येत नाही.

बडोद्यातल्या मराठी मुलांना या कामात एक सोय आपसूक मिळाली आहे. गुजराती वर्तमानपत्रं आपण घरच्यासारखी वाचतो. पुलांच्या, दरवाज्यांच्या बातम्या त्यांत आधी येतात, पुण्यामुंबईच्या संपादकाला त्या सहज वाचता येत नाहीत. ग्रंथालयशास्त्र किंवा वारसा व्यवस्थापन शिकत असाल तर मुलाखतीला जाताना स्वतःच्या ‘योगदान’ पानाचा दुवा सोबत ठेवा. ‘लेख किती लिहिले’ यापेक्षा ‘हे दोन लेख तुम्ही एक का केलेत’ हा प्रश्न तिथे जास्त रंगतो, आणि चर्चा पानावर तुम्ही तेव्हा लिहिलेलं उत्तर तारखेसकट दाखवता येतं.

सुरुवात करायची तर उड्डाणपुलांची यादी घ्या. दरवाज्यांपेक्षा वाद कमी आहेत.