कॅम्पिंगसाठी प्रोपेन स्टोव्ह घेताय? या चुका टाळा

स्टोव्ह घ्यायचा म्हटलं की सगळे आधी बीटीयूचा, म्हणजे बर्नर तासाला किती उष्णता देतो त्याचा, आकडा बघतात, मीपण तेच केलं होतं. पहिल्याच ट्रिपला कळलं की आपला स्टोव्ह पाणी झकास उकळतो पण आच बारीक करायला गेलं की फुस्स करून विझतो, त्यामुळे अंडी खालून करपलेली आणि वरून कच्ची. आता मी आधी नॉब फिरवून बघतो. बंदपासून फुलपर्यंत जेमतेम पाव फेरा असेल तर बारीक आच धरणं अवघड जातं, दीड-दोन फेरे असतील तर बरं.

आणि मोठा आकडा गॅसही तेवढाच खातो हो. ४६५ ग्रॅमच्या छोट्या सिलिंडरमधून साधारण २१ हजार बीटीयू मिळतात, म्हणजे तासाला १० हजार बीटीयूचा एक बर्नर फुल ठेवला तर दोन तासांत सिलिंडर खल्लास, दोन्ही लावले तर तासाभरात.

दुसरी चूक म्हणजे आपली भांडी न मोजता दोन बर्नरवाला घेणं. दोन मोठी पातेली शेजारी शेजारी बसतच नाहीत! दोन्ही बर्नर झाकणारा तवा ठेवला तर उष्णता खाली परतते आणि प्लॅस्टिकचे नॉब मऊ पडायला लागतात. वाऱ्यासाठी तीन बाजूंना पत्रे असलेला मॉडेल घ्या, पण सिलिंडरसकट सगळं दगडांनी किंवा फॉइलने गुंडाळू नका, सिलिंडर तापला तर खेळ संपला.

थंडीत जाणार असाल तर प्रोपेन खरंच चांगला, तो उणे ४२ अंशालाच उकळून द्रवाचा गॅस होतो, ब्युटेन मात्र शून्याच्या आसपासच मान टाकतो. फक्त जोड नीट बघून घ्या, प्रोपेनच्या सिलिंडरचे आटे आणि ट्रेकिंगच्या छोट्या गॅस कॅनचे आटे वेगळे असतात, जबरदस्तीने पिळू नका.

आता घेतल्यावरच्या कटकटी. ज्योत पिवळी आणि भांडी काळी होतायत? हवा कमी पडतेय, बर्नरच्या नळीत बघा, घरात वर्षभर पडून राहिलेल्या स्टोव्हमध्ये कोळी हमखास जाळं करतो. सिलिंडरवर दव धरून आच मंदावली तर घाबरू नका, गॅस उडताना सिलिंडर गार पडतो आणि प्रेशर उतरतं, थोडा वेळ बंद ठेवा, त्याला आचेजवळ नेऊन शेकायचा उद्योग मात्र नको. मोठ्या सिलिंडरला पाइप लावलाय आणि ज्योत नुसतीच मिणमिणते? बहुतेक व्हॉल्व्ह झटक्यात उघडला असणार, मग आतली सेफ्टी गॅस अडवते. सगळं बंद करा, मिनिटभर थांबा आणि परत अगदी हळू उघडा. मी यासाठी चांगला रेग्युलेटर उगाच बदलून आणला होता.

दर वेळी जोडल्यावर साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे आले की पेटवायचं नाही. तंबूत तर अजिबात पेटवू नका, पाऊस पडत असला तरी, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळला तर खालीच साचतो आणि जळताना कार्बन मोनॉक्साइड झाला तर त्याला वासही नसतो. आणि हो, बटणवाल्या इग्निशनवर विसंबून राहू नका, ते ओलं झालं की नुसतं टकटक करत बसतं, एक लायटर कोरड्या पिशवीत वेगळा ठेवा.