रिकामा कोड आणि भरलेली यादी

बिझनेस सेंट्रल या मायक्रोसॉफ्टच्या धंद्याच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एएल ही त्याची प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्याकडं पहिल्या महिन्यातच हे काम येतं. कार्डवर (एकाच नोंदीच्या पेजवर) एक बटण टाकायचं आणि ते दाबलं की दुसऱ्या पेजवर हव्या तेवढ्याच नोंदी दिसल्या पाहिजेत. रेकॉर्डचं व्हेरिएबल घ्यायचं, फिल्टर लावायचा, पेज डॉट रनला, म्हणजे पेज उघडणाऱ्या आज्ञेला, पेजचं नाव आणि तो रेकॉर्ड द्यायचा. एवढं तुम्हाला येत असणार. मला अडकवलं ते मधल्या फिल्टरच्या ओळीनं, आणि आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

मी खानापूरचा. बीसीए झाल्यावर बेळगावात एका लहान कंपनीत लागलो, सकाळच्या बसनं ये-जा. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीचं काम आमच्याकडं होतं. त्यांना कस्टमर कार्डवर ‘याच सेल्समनची येणी’ असं बटण हवं होतं. मी कस्टमर लेजर एंट्रीवर, म्हणजे कस्टमरांच्या खात्यातल्या नोंदींच्या टेबलावर, दोन फिल्टर लावले. ‘ओपन’ला (अजून न मिटलेली नोंद) सेटरेंज, म्हणजे दिलेली नेमकी किंमत धरणारी आज्ञा, आणि सेल्सपर्सन कोडाला (सेल्समनचा संकेतांक) सेटफिल्टर, म्हणजे मजकुरात लिहिलेली अट लावणारी आज्ञा, कारण सीनियरच्या जुन्या कोडात तसंच होतं. तीन कस्टमरवर तपासलं, बरोबर आलं, देऊन टाकलं.

पंधरा दिवसांनी तिथल्या अकाउंटंटांचा फोन आला. “अरे, निपाणीच्या एजंटाकडं सगळ्या पार्ट्यांची येणी गेल्यात बघ. ही यादी तुझ्याच बटणातनं काढलीय.”

एका नव्या कस्टमरच्या कार्डवर सेल्सपर्सन कोड भरलेलाच नव्हता. तिथून बटण दाबलं, यादी एक्सेलमध्ये काढली आणि पाठवली. कुणाकडून किती येणं आहे हे धंद्यात किती जपतात ते आपल्या भागात वेगळं सांगायला नको. मी दोन रात्री झोपलो नाही.

आता नीट वाचा. सेटफिल्टरला रिकामी स्ट्रिंग दिली की ‘ज्यांचा कोड रिकामा आहे त्या नोंदी दाखव’ असा अर्थ होत नाही. त्या फील्डवरचा फिल्टरच निघून जातो. एरर येत नाही, सूचना येत नाही, पेज मुकाट्यानं उघडतं. माझ्या बाबतीत ‘ओपन’चा फिल्टर तेवढा राहिला, म्हणून अख्ख्या कंपनीची येणी दिसली. रिकामी यादी आली असती तर दोन मिनिटांत फोन आला असता. भरलेल्या यादीवर कुणी शंका घेत नाही.

सेटरेंजला रिकामी किंमत दिली तर रिकाम्या कोडाच्याच नोंदी येतात. पण सेटरेंजला नुसतं फील्ड दिलं, किंमत दिलीच नाही, तर तिथंही फिल्टर पुसला जातो. सेटफिल्टरमध्ये ‘%1’ (किंमत येण्याची जागा) लिहून किंमत वेगळी दिली तर रिकामी किंमत रिकामीच धरली जाते. या तिन्ही गोष्टी स्वतः चालवून बघा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

एकच किंमत असेल तर सेटरेंजच वापरा. सेटफिल्टर मजकुरातल्या ‘&’, ‘|’, ‘..’ या खुणांना नियम समजतो. ‘पाटील & सन्स’ असं नाव सरळ चिकटवलंत तर तो दोन अटी धरणार. आणि सेल्सपर्सन कोडावर बटण अवलंबून असेल तर आधी टेस्टफील्ड (फील्ड भरलंय का ते तपासणारी आज्ञा) लिहा, म्हणजे कोड रिकामा असताना पेज उघडण्याआधीच एरर येऊन काम थांबतं. माझ्या बटणात ही एक ओळ असती तर ते पत्रक निपाणीला गेलंच नसतं.

तपासताना पेज डॉट रनच्या वर तात्पुरता मेसेज टाकून गेटफिल्टर्स (लागलेले फिल्टर सांगणारी आज्ञा) छापा. मी नंतर छापलं तेव्हा नुसतं ‘ओपन’ दिसलं, सेल्सपर्सन कोडाचं नावही नव्हतं. उघडलेल्या पेजवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ1 एकत्र दाबलं की पेज इन्स्पेक्शन येतं, त्यातही लागलेले फिल्टर दिसतात.

सीनियरबद्दल माझं मत कडक आहे. “हे टाक, चालतंय” म्हणून कोड पाठवणाऱ्यापेक्षा “का टाकलंस?” विचारणारा बरा. 2018 साली बिझनेस सेंट्रल आलं, त्याआधीचा नेव्हिजनचा, म्हणजे त्याच्याच जुन्या अवताराचा, प्रोग्रॅमचा कोड अजून हातोहात फिरतो. तो वाचा, पण ओळ न् ओळ समजल्याशिवाय चिकटवू नका.

पेजचं व्हेरिएबल घेऊन उघडणार असाल तर फिल्टर पेजवर न्यायला सेटटेबलव्ह्यू ही आज्ञा लागते. सेटरेकॉर्ड ही आज्ञा फक्त कर्सर त्या नोंदीवर नेतो, फिल्टर नेत नाही.

आणखी एक, याबाबत मी हट्टी आहे. फिल्टर म्हणजे कुलूप नव्हे. साधा फिल्टर माणूस फिल्टर पेनमधून काढू शकतो. फिल्टरग्रुप 2 मध्ये (फिल्टरांचा वेगळा गट) टाकलात तर त्याला तो काढता येत नाही (टाकून झाल्यावर ग्रुप परत 0 करायला विसरू नका), पण ऑल्ट-क्यू दाबून, शोध घेऊन तीच यादी तो दुसऱ्या वाटेनं उघडेल. सेल्समननं दुसऱ्याची येणी बघूच नयेत असं असेल तर परमिशन सेटमध्ये (कुणाला काय बघता येईल ते जिथं ठरतं तिथं) सिक्युरिटी फिल्टर लावावा लागतो.

घाबरून जाऊ नका मात्र. फौंड्रीनं काम काढून घेतलं नाही. मी स्वतः जाऊन काय झालं ते अकाउंटंटांना दाखवलं, त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, “आता असं रिकामं कार्ड अजून किती हाय, तेवढी यादी काढून दे.” ती यादी मी सेटरेंजनं काढून दिली.